पेटीतली पाच हजार आणि खिशातली चाळीस

दिवाळी तोंडावर आली की आपल्यासारख्या मध्यमवर्गीय घरांत दोन याद्या होतात. पहिली रवा, बेसन, पोहे, तूप यांची. ती घरातली बाई करते आणि ती बहुधा पुरी होते. दुसरी यंत्रांची, ती घरातले सगळे मिळून करतात आणि तिच्यातल्या निम्म्या वस्तू पुढल्या दिवाळीपर्यंत माळ्यावर जातात. यंत्र घेताना आपण किंमत विचारतो, वॉरंटी विचारतो, शेजाऱ्यांनी कोणते घेतले तेही विचारतो. मात्र ते घरातल्या कोणाच्या हाताने चालणार आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. यंदा आमच्या डोंबिवलीच्या घरात एकाच कामाची दोन यंत्रे पंधरा दिवसांच्या अंतराने आली आणि हा प्रश्न आम्हांला विचारावा लागला. त्याचीच ही हकीकत.

दोन्ही यंत्रे गाणी ऐकवणारी, दोन्ही उचलून कुठेही नेता येणारी आणि दोन्ही आमच्या सासूबाईंसाठी आलेली. सासूबाईंचे वय एकोणऐंशी. तीस वर्षे त्यांनी नगरपालिकेच्या शाळेत मुले शिकवली. कान वयाच्या मानाने चांगले आहेत. डोळ्यांनी मात्र दोन-तीन वर्षांपासून साथ सोडली आहे. वयोमानाने डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजण्याचा जो विकार असतो, तो त्यांना झाला. यात कडेचे दिसते, मधले दिसत नाही. त्यामुळे त्या घरात न अडखळता वावरतात, कुंड्यांना पाणी घालतात, आमटीला फोडणीसुद्धा देतात. पण समोरच्याचा चेहरा, वर्तमानपत्रातले अक्षर आणि मोबाइलच्या काचेवरचे चित्र तेवढे कोणी बोटाने पुसून टाकावे तसे नाहीसे होते.

आता तुम्ही म्हणाल, मोबाइलमध्ये जगातले सारे संगीत असताना वेगळे यंत्र हवे कशाला? खरे आहे. पण त्या काचेला ना खाच, ना उंचवटा. हात कुठे आहे हे बोटांना कळावे असे तिच्यावर काहीच नाही. सासूबाई गाण्यासाठी बोट टेकवीत आणि फोन लागे नागपूरच्या भाच्याला. तोंडाने सांगितले तरी गाणे लागते, असे आमचे चिरंजीव म्हणाले. तेही करून पाहिले. सासूबाई शाळामास्तरणीच्या स्वच्छ उच्चारात जुन्या गाण्याचे नाव सांगत आणि फोन त्याच शब्दांनी सुरू होणारे, ढोलांच्या दणदणाटातले कुठलेसे नवे गाणे लावी. मग हाक जायची, “अरे, जरा लावून दे रे!”

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. त्यामुळे शब्दांकडे कान जातो. मराठीत गाणे ‘लावतात’, जसा दिवा लावतात, जसे दही लावतात. आपण होऊन केले तर ‘लावते’. दुसऱ्याने आपल्यासाठी केले तर ‘लावून दे’. व्याकरणात याला संयुक्त क्रियापद म्हणून मी मोकळी होते. पण घरात त्या एका ‘दे’पायी किती फरक पडतो, ते या दोन वर्षांत पाहिले. पहिल्या वर्षी दिवसातून चार-पाच वेळा ‘लावून दे’ ऐकू येई. मग ते दोनदा झाले. चिरंजीवांची बारावी, माझे पेपर तपासणे, यांची सात सतराची गाडी. प्रत्येकाची कामे सासूबाईंना ठाऊक. पुढे आम्ही होऊन विचारले तरी उत्तर येऊ लागले, “नको, राहू दे. मला काही एवढं नडलेलं नाही.” गाण्यावाचून कोणाचे नडत नाही, हे खरेच. पण ज्या बाईने रेडिओ लावल्याशिवाय कधी कणीक मळली नाही, ती दुपारभर गप्प बसून राहू लागली, तेव्हा घरात काहीतरी बिघडले आहे हे सांगायला डॉक्टर नको होता.

धाकट्या दिरांनी पहिले यंत्र पाठवले ते वाढदिवसाची भेट म्हणून. ‘कारवाँ’ या नावाची ही पेटी आता अनेकांच्या दिवाणखान्यात आहे. सारेगामा कंपनीने ती २०१७ साली बाजारात आणली आणि पुढे निरनिराळ्या भाषांतले तिचे अवतारही निघाले. आमच्याकडे आली ती हिंदी गाण्यांची. दिसायला जुन्या ट्रान्झिस्टरची धाकटी बहीण. पुढे जाळी, मोठे बटण, फिरवायची चकती. आत पाच हजार गाणी आधीच भरलेली. इंटरनेट नको, फोन नको. चकती फिरवली की गायक बदलतो. ही कंपनी म्हणजे आपल्या वाडवडिलांची ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ची ग्रामोफोन कंपनी. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेथपासूनचा हिचा वंश. तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. आता तिच्या पणतीच्या पोटात पाच हजार गाणी बसतात. एकेक गाणे साडेतीन मिनिटांचे धरले तरी ती सलग ऐकायला बारा दिवस आणि बारा रात्री लागतील.

दुसरे यंत्र चिरंजीवांनी आपल्या साठवलेल्या पैशांतून आणले. आठ दिवस ‘संशोधन’ चालले होते. हे आगपेटीहून थोडे मोठे, धातूचे, मुठीत मावणारे. पुढे चार बटणे, बोटभर पडदा, बाजूला नखाएवढे कार्ड घालायला फट. आत एकही गाणे नाही. जे आपण भरू तेच वाजणार. इयरफोन लावून ऐकायचे. हे कोणत्या कंपनीचे ते मुद्दाम सांगत नाही, कारण अशा घाटाची दहा तरी यंत्रे बाजारात आहेत आणि त्यांच्यात भावाभावांइतकाच फरक आहे.

आमच्या घरात लगेच दोन पक्ष पडले. हे आणि दीर पेटीच्या बाजूने. चिरंजीव खिशातल्याच्या बाजूने. मी परीक्षकाच्या जागी. सासूबाई म्हणाल्या, “भांडू नका. मी दोन्ही महिनाभर वापरते, मग निकाल सांगते.” तीस वर्षे प्रगतिपुस्तके भरलेला हात तो!

पहिली परीक्षा आवाजाची. चिरंजीवांचे म्हणणे, खिशातल्या यंत्रात गाणे न काटछाट करता, जसेच्या तसे ठेवता येते, म्हणून ते श्रेष्ठ. हा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. सीडीवर आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजू धरून सेकंदाला सुमारे चौदा लाख अंक लागतात. पाच मिनिटांचे गाणे असे ठेवायचे तर पन्नासहून अधिक एमबी जागा हवी. ‘एमपी-थ्री’ या पद्धतीत तेच गाणे पाच एमबीपेक्षाही कमी जागेत बसवता येते. ही किमया जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. युक्ती अशी, की मोठा आवाज चालू असताना त्याच्या जवळच्या सुराचा बारीक आवाज आपल्या कानाला ऐकूच येत नाही. लग्नाच्या मांडवात सनई-चौघडा चालू असता शेजारणीचे कुजबुजणे कळत नाही, तसेच. मग जे ऐकूच येणार नाही ते कशाला साठवायचे? तेवढे गाळून टाकतात.

पण एकोणऐंशीव्या वर्षी निसर्गानेच बरेच गाळलेले असते. वय वाढते तसे आधी उंच पट्टीतले ध्वनी ऐकू येईनासे होतात. स, श, फ यांसारख्या व्यंजनांतला बारकावा नेमका त्याच भागात असतो, म्हणून म्हातारी माणसे म्हणतात, “आवाज येतो, शब्द कळत नाहीत.” सासूबाईंना चिरंजीवांनी एकच गाणे दोन्ही प्रकारे ऐकवले. त्यांना फरक काही कळला नाही. खरे सांगायचे तर मलाही नाही. पण पेटीपासून दोन हातांवर बसले तर शब्द पुसट आणि इयरफोन लावला तर शब्द स्वच्छ, हा फरक त्यांनी पहिल्या कडव्यातच सांगितला. पेटीचा आवाज खोलीत पसरतो. पंखा, कुकर, रस्त्यावरची रिक्षा हे सगळे त्यात मिसळते. इयरफोनमध्ये शब्द थेट कानात पडतो. आवाजाचा पेपर खिशातल्याने जिंकला, पण चिरंजीवांनी सांगितलेल्या कारणामुळे नव्हे.

इथे एक सावधगिरी सांगून ठेवते. इयरफोनचा आवाज वाढवायचा मोह वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाने ८० डेसिबेलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. आणि त्यापुढे दर तीन डेसिबेलला ही मुदत निम्म्याने घटते. आम्ही त्या यंत्रात आवाजाची कमाल मर्यादा बांधून टाकली. सासूबाई एकाच कानात बोंडूक घालतात, दुसरा कान दाराच्या घंटीसाठी मोकळा. ही युक्ती त्यांची स्वतःची.

दुसरी परीक्षा निवडीची. पेटीत पाच हजार गाणी, म्हणजे आता काही उरले नाही, असे आम्हांला वाटले होते. पहिले आठ दिवस घर दुमदुमले. लता, रफी, तलत, आशा. शिवाय अमीन सायानींच्या आवाजातली गीतमाला. ती ऐकताना सासूबाईंनी आम्हांला जो इतिहास सांगितला तो ऐकण्यासारखा होता. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीताची जवळजवळ हकालपट्टी झाली. मग साऱ्या देशाने रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. त्याच साली तेथे गीतमाला सुरू झाली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने विविध भारती काढली. सासूबाई तेव्हा अकरा वर्षांच्या. “आमच्या वेळी काय ऐकायचं ते मंत्री ठरवायचे, मग सिलोनवाले ठरवायला लागले, आणि घरात रेडिओच्या काट्याला हात लावायचा हक्क फक्त वडिलांचा,” असे त्या हसत म्हणाल्या.

नवव्या दिवशी त्यांनी एका गाण्याचे नाव काढले. ते पेटीत सापडेना. चकती फिरवून फिरवून पाहिले. नंतर उलगडा झाला, की पेटीत जी पाच हजार आहेत ती त्या कंपनीच्या मालकीच्या भांडारातली. दुसऱ्या कंपनीने काढलेली रेकॉर्ड तिच्यात असणार कशी? यात कोणाची लबाडी नाही. किराण्याच्या दुकानात चांभाराचा जोडा मागावा तशातला हा प्रकार. पण ‘जुनी गाणी’ म्हणजे सगळी जुनी गाणी नव्हेत, एवढे कळले. आणि असलेले गाणेदेखील नेमके नाव घेऊन मागता येत नाही. गायक निवडावा आणि मग जे येईल ते गोड मानावे. हा पेटीचा दोष म्हणू नये, स्वभाव म्हणावा. रेडिओचाही तोच होता. अवचित एखादे विसरलेले गाणे येते आणि कणीक मळता मळता हात थांबतो, हे सुख त्याच स्वभावातून मिळते.

खिशातल्या यंत्राची गोष्ट उलटी. त्याच्या कार्डावर चिरंजीवांनी उत्साहाने तीन हजार गाणी भरून दिली आणि ते यंत्र सासूबाईंना पहिल्याच दिवशी निरुपयोगी ठरले. पडदा दिसत नाही. मग तीन हजारांत हवे ते शोधायचे कसे? ‘पुढे’चे बटण दाबत राहायचे? चारही बटणे स्पर्शाला सारखी. दोन दिवसांनी त्या म्हणाल्या, “हे सगळं काढून टाक. मी सांगते तेवढीच घाल, आणि सांगते त्याच क्रमाने.” मग आजी-नातवाची बैठक बसली. तीन संध्याकाळी चालली. पहिली पाच भजने, मग सात नाट्यगीते, मग भावगीते, मग हिंदी, अशी एकूण चाळीस. चिरंजीवांनी मधल्या बटणावर एम-सीलचा बारीक ठिपका बसवला, म्हणजे अंगठ्याला ठाव लागावा. ठिपक्याच्या उजवीकडे पुढे, डावीकडे मागे. सासूबाईंनी क्रम पाठ केला, जसे पूर्वी वर्गाचे हजेरीपट पाठ असत. नाट्यगीत हवे तर सुरुवातीपासून सहा वेळा पुढे जायला लावायचे नाही. चिरंजीवांनी चार गटांची चार दालने केली आणि प्रत्येकाच्या दाराशी सासूबाईंच्याच आवाजात गटाचे नाव मुद्रित करून ठेवले. बटण धरून ठेवले की त्यांचाच आवाज सांगतो, “भावगीते.” तीन हजारांचे जे अरण्य होते, त्याची चाळीस झाडांची बाग झाली.

या चाळिसांत तीन गोष्टी अशा आहेत, की त्या कोणत्याही कंपनीच्या भांडारात सापडायच्या नाहीत. माळ्यावर सासूबाईंच्या बारा कॅसेटी होत्या. फिलिप्स कंपनीने १९६३ साली काढलेली ही कॅसेट. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. तिच्यातले गाणे संगणकात घ्यायचे तर घाई चालत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटेच द्यावी लागतात. गणपतीच्या सुट्टीत चिरंजीव ते करीत बसले. दोन कॅसेटींची फीत चिकटून गेली होती, ती गेलीच. बाकीच्यांत शाळेच्या स्नेहसंमेलनातले, सासूबाईंनी स्वतः बसवलेले समूहगीत निघाले. पन्नासेक पोरींचे आवाज आणि मागे हार्मोनियम. ती वाजवणाऱ्या अर्थात सासूबाई. ते ऐकताना त्या एकदम म्हणाल्या, “तिसऱ्या ओळीला डाव्या बाजूची मुलगी खाली उतरते बघ. तेव्हाही तिला सांगून सांगून दमले होते!”

तिसरी परीक्षा एकट्याने ऐकण्याची आणि मिळून ऐकण्याची. इयरफोन लावलेले माणूस खोलीत असून नसते, ही तक्रार आजची नाही. १९७९च्या जुलैत जपानमध्ये सोनीचा पहिला वॉकमन निघाला, त्याला इयरफोन लावायला एक सोडून दोन भोके होती, आणि गाणे चालू असता दुसऱ्याशी बोलता यावे म्हणून एक नारिंगी बटणही होते. कंपनीचे अकिओ मोरिता यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे, की घरी तो लावून बसले असता पत्नीला आपण बाहेर राहिल्यासारखे वाटते असे त्यांच्या ध्यानात आले. लोकांनी मात्र तो एकेकट्यानेच ऐकायचे ठरवले, आणि ती दुसऱ्या माणसाची सोय पुढे मागे पडली.

आमच्याकडे या बाबतीत पेटीच वरचढ. दुपारी चारला चहाच्या वेळी सासूबाई ती लावतात. समोरच्या ब्लॉकमधल्या काकू येतात, कामाला येणाऱ्या बाई भांडी घासता घासता पुढची ओळ म्हणतात, आणि कोणते गाणे येणार हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे पैजा लागतात. एकदा भरली की पेटी पाचेक तास चालते. दुपारला तेवढी पुष्कळ. रात्रीचे राज्य खिशातल्याचे. वय झाले की झोप दोन वाजता उडते, आणि तेव्हा दिवा लावणे, कोणाला हाक मारणे हे म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर येते. आता त्या उशीखालून यंत्र काढतात, अंगठ्याने ठिपका चाचपतात आणि ऐकतात. भिंतीपलीकडे आम्हांला पत्ता लागत नाही. सकाळी विचारले की म्हणतात, “झोप नव्हती, पण रात्र बरी गेली.”

एक अडचण अजून उरली आहे. बॅटरी संपत आल्याचा तांबडा ठिपका त्यांना दिसत नाही, आणि एक-दोनदा ऐन मध्यरात्री यंत्र मुके झाले. त्यावर रविवार आणि गुरुवार हे भरण्याचे दिवस ठरवले. नशिबाने याची पिन दोन्ही बाजूंनी बसणारी आहे. चाचपून लावली तरी उलटी होत नाही. कोणी बनवली असेल ती, पण डोळ्यांनी अधू माणसाचे दुवे तिला लागतील.

महिना संपल्यावर सासूबाईंनी निकाल दिला. पेटीला शंभरांत सत्तर, खिशातल्याला शंभरांत सत्तर. आम्ही म्हटले, “आई, हा काय निकाल? दोघांनाही सारखेच?” त्या म्हणाल्या, “दोघांचेही तीस गुण एकाच विषयात गेले. दुकानातून आणलं तसं एकही मला चालवता आलं नाही. पेटीवर कुठलं बटण कुठे ते तू चार दिवस हात धरून शिकवलंस, आणि त्या छोट्याचं तर सगळंच पोरानं केलं. आता मात्र कुणाची गरज लागत नाही.”

वाचकहो, यंदाच्या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी असे काही घ्यायचा विचार असेल, तर किंमत, कंपनी आणि गाण्यांचा आकडा पाहण्याआधी एवढे करा. ज्यांच्यासाठी घ्यायचे त्यांनाच दुकानात न्या. यंत्र त्यांच्या हातात द्या आणि डोळे मिटून चालू-बंद करायला सांगा. बटणे बोटांना कळतात का, पुढचे गाणे लागते का, पिन चाचपून बसते का, ते पाहा. घरी आणल्यावर चार संध्याकाळी शेजारी बसा. त्यांची चाळीस गाणी त्यांच्या तोंडून लिहून घ्या. तेवढा वेळ नसेल, तर पाच हजारांचे काय आणि पन्नास हजारांचे काय, माळा दूर नाही.

आमच्या घरात हल्ली ‘लावून दे’ ऐकू येत नाही. परवा दुपारी मी पेपर तपासत बसले होते, तर सासूबाईंनीच आतून विचारले, “गाणं लावते गं जरा. चालेल ना तुला?”